अकरा फ्रँकांचा मेळ

परतल्यावर चौथ्या दिवशी
झोप जरा जाग्यावर आली तेव्हा
शाहूपुरीतल्या आमच्या दोन खोल्यांत
मी वही उघडून बसलो.

चौतीस वर्षं गुळाच्या अडतीवर दिवाणजी होतो.
रव्यांची वजनं, तोलाई, हमाली, पट्टी,
दुसऱ्याच्या लाखांचा मेळ
दिवेलागणीच्या आत घालायचा
आणि मग आपल्या सायकलीचं कुलूप काढायचं.
एकदा सव्वा रुपयासाठी
रात्री साडेदहापर्यंत बसलोय.
ही सहल माझ्या हातून काय निसटणार?

जाण्याआधी पाकिटं केली होती,
जुन्या लग्नपत्रिकांची.
एकावर 'पाणी व कॉफी', एकावर 'स्वच्छतागृह'
(त्याचेही तिथं पैसे पडतात, हे
जावयानं सांगितल्यावर शालन दोन दिवस हसत होती),
एकावर 'चालकाची बक्षिशी, माणशी रोज दोन',
आणि सगळ्यात जाड, 'अडचण',
शालनच्या परकराला शिवलेल्या खिशात,
जे उघडायचं नव्हतंच.

फ्रँक म्हणजे आपले एकशे पाच.
मी दिसेल त्याला एकशे पाचनं गुणत हिंडलो.
डोंगरावर बर्फ होता.
फोटोत आहे.
मला आठवतं ते एवढंच, की कॉफीच्या एका कपात
गंगावेशीच्या कट्ट्यावरचं,
म्हशीच्या धारेखाली धरलेलं
बारा-तेरा पेले दूध बसत होतं.

दुकानात शालननं घंटा उचलली,
गाईच्या गळ्यातली असते तशी, पण बोटभर.
अठ्ठेचाळीस.
पूर्वी आमच्याकडे सौदे रुमालाखाली व्हायचे.
बोटं धरायची, दाबायची,
तोंडातून चकार शब्द नाही.
मी तिच्या शालीखाली हात घातला,
दोन बोटं दाबली. वीसपर्यंत.
तिनं उलट काही दाबलं नाही.
हात काढून घेतला
आणि घंटा जागेवर ठेवली,
वाजणार नाही अशी.

सहलीचा पोरगा, ऋत्विज, रोज सकाळी
बसमध्ये माईकवर विचारायचा,
बोटीची फेरी जादा आहे, कोण कोण येणार?
मी खिडकीबाहेर बघायचो.
शालन माझ्याकडं.

तर मेळ.
पावत्या तारीखवार लावल्या.
नाण्यांचा ढीग केला
(नाणी इथं कोणी बदलून देत नाही,
स्टेशन रोडवरच्या पोरीनं काचेआडून सांगितलं).
सगळं जुळलं.
मग उगीच, सवयीनं, 'अडचण' उघडून मोजलं.
अकरा कमी.
पुन्हा मोजलं.
अकरा.

"शालन, यातलं काही काढलं होतंस?"

आतलं भाकरी थापणं थांबलं.

"त्या तळ्याकाठी. बोटीतनं पल्याड जाऊन आले."

"कधी?"

"तुम्ही बाकावर झोपला होतासा तवा.
तासभर मोकळा दिला होता की त्या पोरानं."

"एकटी?"

"बोट भरलेली होती."

"आणि तिकीट?"

"एक बोट केलं पाण्याकडं, नोटा पुढं धरल्या.
त्यात काय बोलायचं असतंय?"

"अगं, पण ते अडचणीचे होते.
कसली अडचण होती?"

भाकरी तव्यावर पडली. पाणी फिरवल्याचा चर्र आवाज.
मी वाट बघितली.
मग विचारलं, पल्याड काय होतं.

"काय न्हाई. धक्का. चार झाडं.
एक बाई कुत्र्याला घेऊन बसलेली.
आणि तिथनं तुम्ही दिसत होता,
एवढंसं,
पोटावरचा पट्टा दोन्ही हातांनी धरून."

पेन उचललं. खात्याला नाव काय द्यावं सुचेना.
प्रवास म्हणावं तर तो आधीच भरलेला.
शेवटी 'पल्याड' लिहिलं
आणि पुढं अकरा मांडले.
बेरीज जुळली.
कुलूप काढायला सायकल आता नाही,
तसाच बसून राहिलो.

"दोघांचं किती झालं असतं?"

"बावीस,"
ती पाठमोरीच म्हणाली.