पंचवीस पूर्णांक चार

अक्कलकोट रोडवरची यंत्रमागाची शेड
स्क्रीनवर उघडली ती
घडी घातलेल्या चादरीएवढी.
चाळीस फुटांची भिंत, अठ्ठेचाळीस सेंटिमीटर.

नरसय्या यमूल इंचात आखायचे.
एककाचा रकाना त्यांनी रिकामाच सोडलेला;
फाइलनं आपलं मिलिमीटर धरलं.

मी आधी दार मोजलं. चौऱ्याऐंशी.
म्हणजे सात फूट, दुसरं काय असणार?
मग सगळ्यालाच गुणलं
पंचवीस पूर्णांक चारनं.
दारातून माणूस जाऊ लागला,
चोवीस माग आपापल्या जागी बसले.

कोपऱ्यातली एक टीप तेवढी बधली नाही:
‘भिंत ते माग, चार बोटं.’

कुणाची, ते लिहिलेलं नाही.

दुपारी शेडवर गेलो, फटीत हात घातला.
माझी चार मावून
वर कापसाची पिंजर हलायला
जागा उरली.