घरभेदी

दक्षिणेकडच्या बास्केटमागे, तिसऱ्या पायरीवर,
सव्वीस हिवाळे माझी जागा ठरलेली.
बाहेर उणे एकोणतीस. पार्किंगात गाड्या चालूच ठेवलेल्या,
नाहीतर मॅच संपेपर्यंत बॅटऱ्या मरतात.
आत अख्खं आल्डर फॉल्स,
ओल्या लोकरीचा आणि पॉपकॉर्नचा वास.

इथे कुणी नुसतं ओरडत नाही. ते नवशिक्यांचं काम.
डेल ऊस्टरबर्ग, खाणीतून रिटायर झालेला,
पोहायची चड्डी घालून येतो, डोक्यावर प्लास्टिकचा खेकडा.
दंतवैद्याची मुलं नाचवतात बापाचाच पुठ्ठ्याचा चेहरा,
दाराएवढा, दात विचकलेला.
कुणी फुगे चोळतं, कुणी तान्ह्या बाळासारखं रडतं,
आणि एका वर्षी खरंच एक तान्हं बाळ रडलं,
पाहुण्यांचे सलग चार फ्री थ्रो चुकले,
तर पुढच्या मॅचला लोक त्या बाळाला शोधत फिरत होते.

टॉरवाल्डसन सर, भौतिकशास्त्राचे, म्हणतात हे सगळं वाया.
सगळेच हलले की नेम धरणाऱ्याला काहीच दिसत नाही,
नुसती गिजबिज, तळ्याच्या पाण्यासारखी.
हलायचं तर सगळ्यांनी एकदम, एकाच बाजूला,
म्हणजे रिंगच सरकल्याचा भास होतो.
म्हणून ठरलं: सरांची शिट्टी, की सगळे डावीकडे.
दोनशे माणसं, वाऱ्यातल्या बार्लीसारखी.

आणि परवा शुक्रवारी, पावणेदोन सेकंदं उरलेली,
आम्ही एका गुणाने पुढे,
रेषेवर सिल्या.
माझ्या बहिणीची सिल्या. नदीपलीकडच्या शाळेची. सात नंबर.

तिला मीच शिकवलंय,
माझ्या गराजवर ठोकलेल्या, जाळी नसलेल्या रिंगवर.
मला ठाऊक आहे: तीन टप्पे, अंगठा मोज्याला पुसणार,
मग ओठांतल्या ओठांत यक्सी, काक्सी,
आणि कोल्मे म्हणायच्या आत चेंडू सुटणार.

मला एक शब्दही ठाऊक आहे.
तिच्या कुत्र्याचं नाव.
ती नऊ वर्षांची, अंगणात अशीच नेम धरत होती,
मी पिकअप मागे घेत होते.
पुढचं सांगत नाही.

पहिला आत. जाळीचा नुसता सुस्कारा.
बरोबरी.
पुठ्ठ्याचा दंतवैद्य खाली बसला.

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी.
या शाळेची बस चालवते मी; पगार इथला,
अंगावरचं हिरवं जॅकेटसुद्धा इथलं.
डेल कानाशी म्हणाला, तुमच्यातलीच ना ती? कर की काहीतरी.
त्याला बिचाऱ्याला शब्दाचा पत्ता नव्हता.
तो माझ्या जिभेला चिकटलेला,
थंडीत लोखंडाला जीभ चिकटते तसा:
ओढला तर कातडं सोलून निघेल.

शिट्टी.
सगळे डावीकडे.
मी गेले नाही.
हात खिशात, तोंड मिटून, सरळ उभी राहिले.
तिच्यासाठी एवढंच करता येण्यासारखं आहे,
असं वाटलं.

चेंडू मागच्या काठावर आपटला,
रिंगभोवती अर्धा फिरला,
आणि बाहेर.

ओव्हरटाइममध्ये आम्ही चारने जिंकलो.
डेलने खेकडा माझ्या डोक्यावर ठेवला,
कुणीतरी फोटो काढला. त्यात मी हसते आहे.

पार्किंगात ती आईच्या गाडीची काच खरवडत होती,
ओल्या केसांच्या टोकांवर बर्फ धरलेला.
"सगळे हलत होते तेव्हा कुणीच दिसत नव्हतं," म्हणाली.
"बरं चाललं होतं.
मग एकदम तू दिसलीस."

रागावून नाही. हवामान सांगावं तसं.

मी शब्द गिळला. तो नव्हे, दुसराच कुठला तरी.
तिने मान हलवून पलीकडची काच दाखवली.
खरवडणी एकच होती, तिच्या हातात.
मी बाहीने घासायला लागले.
बाहीने काही निघत नाही तो बर्फ,
तिलाही ठाऊक होतं.
तरी तिने थांबवलं नाही.