पाय सावलीत

बिदरच्या नर्सरीतल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं:
डोकं उन्हात, पाय सावलीत.
मला हसू आलं.
आमच्या उदगिरात असं कुणाला जमलंय?
आयटीआयच्या पत्र्याखाली तीस वर्षं वायरिंग शिकवलं,
डोकं तापायचं, पाय त्याहून.

तरी आणली. एसटीत मांडीवर.
शेजारच्या बाईनं विचारलं, फळ काय लागतं?
काहीच नाही म्हटल्यावर
तिनं माझ्या तिकिटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

काळ्या मातीत वाळू कालवली,
बुडाशी फुटक्या माठाची खापरं उभी केली
सावलीपुरती.
तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं पाणी.
नळ आठव्या दिवशी, तोवर हेच.

मनगटाएवढा बांबू रोवला.
वेलीनं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.
कुंपणापलीकडून हलिमाबी म्हणाली,
"काय करलालाव गुरुजी?
पानाच्या देठानं धरती ती.
बारीक कायतरी द्या."
आणि गोधडीचा दोरा दिला.
मी भंगारातली तांब्याची तार सोलली.
चार दिवसांत एका देठानं तिला वेढा घातला,
पोरांना शिकवायचो तसा:
घट्ट, पण तार न दुखावता.

चैत्रात एका रात्रीत मान टाकली.
पानं, कळ्या, सगळं काळं,
कुणी मेन स्विच ओढल्यासारखं.
खोडाला टेस्टर लावून बघावा
असं मनात आलं, खरंच.
"उपटू नका," हलिमाबी म्हणाली.
का, ते सांगितलं नाही.
तिच्या अंगणातही न काढलेलं बरंच आहे:
गंजलेली सायकल,
आखातात गेलेल्या लेकाच्या दुकानाची पाटी.

मी डाळीचं पाणी ओतत राहिलो.
आशा वगैरे नव्हती,
हाताला वळण पडलं होतं.

पोळ्याच्या सुमारास खापरीआडून
एक लालसर टोक.

बालाघाटाच्या कपारीत हिची रानटी बहीण असते, मोरवेल.
नखाएवढी पांढरी फुलं.
लहानपणी तिच्या बियांची पिसं फुंकून उडवायचो,
पाणी घालायचं कधी सुचलं नाही.
तिनं मागितलंही नाही.

मार्गशीर्षात उमललं. एकच.
ताटलीएवढं, वांग्याच्या सालीच्या रंगाचं.
हलिमाबीनं चष्मा पुसला,
बोट न लावता पाकळ्या मोजल्या.
"आठ," म्हणाली.
मग एकदम कान देऊन
ओढणी खोचत धावली.
नळाला पाणी आलं होतं.