ओघळ

शब्बीर टिसेकरांनी पाठवलेला लोगो
किती फोनांतून फिरून आला असेल कोण जाणे.
मोठा केला की सुरमईच्या पाठीवर पायऱ्या उगवतात,
डोळा म्हणजे चार चौकटी, त्यातली एक राखाडी.
मी विचारलं, ओरिजिनल आहे का?
आहे की, म्हणाले. म्हणजे होतं.
हर्णैला, ‘गुलबहार’च्या नाळेवर.
गेल्या साली फळ्या सुट्या करून विकल्या.
एक फळी कुणाच्या तरी खुराड्याला लागलीय,
पण तिच्यावर शेपटीच तेवढी.

शारजा, इंडस्ट्रियल एरिया,
टायरवाल्याच्या डोक्यावर आमचं दुकान.
शाजी बिलं करतो, मिझान प्लॉटर चालवतो,
आणि मी सांगलीची, जिला सुरमई ताटातसुद्धा
नीटशी ओळखता येत नाही,
ती बसलेय तिचा कल्ला काढत,
बिंदू टाकत, बिंदू खोडत.
बिंदू जितके कमी तितकी रेघ गुळगुळीत,
हे मी शिकाऊ पोरांना सांगते.

पोटाखाली एक बारीक रेघ होती, सरळ खाली आलेली.
गळाची दोरी असेल म्हणून मी दोन टोकं जुळवली.
टिसेकर स्क्रीनकडे वाकले.
ताई, दोरी नव्हे ती. रंग ओघळलेला.
रंगवताना बाबांना कुणीतरी हाक मारली होती.

ठेवू की काढू?

त्यांनी टोपी काढली, परत घातली.
खाली टायरवाल्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला, बंद पडला.
ठेवा, म्हणाले.

पण ठेवणं सोपं नव्हतं.
मिलिमीटरपेक्षा बारीक काही ब्लेडला कळत नाही,
कळलं तर फाटतं.
म्हणून मी तो ओघळ जाड केला,
होता त्याच्या तिप्पट,
आणि टोकाला थेंब काढला, जो फोटोत नव्हता.
त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.
मीही नाही.

काचेला आतून लावायचं, मासळीवाल्याची गाडी,
बाहेरून रोज पाइपाने धुणार.
मग सगळं उलटं करायला हवं.
एक बटण दाबलं,
सुरमई वळून दुसऱ्या किनाऱ्याकडे निघाली,
अरबी डावीकडून चालू लागली,
मराठी उजवीकडून.
ओघळ तेवढा तसाच राहिला.
खाली म्हणजे खालीच.

मिझान चिमट्याने नको ते सोलत होता.
इंग्रजी अक्षरं सुटी सुटी, एकेक सांभाळावं लागतं.
अरबी नावाला सहा नुक्ते,
शीनचे तीन, बेचा एक, येचे दोन,
तो मोजत होता आणि पाचच भरत होते.
सहावा त्याच्या कोपराला चिकटलेला सापडला.
‘टिसेकर’ मात्र शिरोरेघेला धरून
अख्खा उचलला गेला,
दोरीवरचे कपडे पावसाआधी
एका कवेत काढावेत तसा.
मिझान म्हणाला, तुमची लिपी चांगली आहे, कामाला हलकी.
त्याचीही तशीच आहे, मी आठवण दिली.
हो की, म्हणाला, आणि हसला.

दुपारी काच तव्यासारखी, काही चिकटवता येत नाही.
इशा झाल्यावर लावलं,
मागच्या सीटा दुमडून, मोबाइलच्या उजेडात,
बर्फाच्या पाण्याच्या वासात गुडघे टेकून.
काचेत हीटरच्या तारा होत्या,
ज्या या देशात कोणी कधी लावत नाही.
कल्ल्यापाशी एक बुडबुडा राहिला. टाचणीने फोडला.

शाजीने बिलात चार ओळी लिहिल्या.
पाचवीवर पेन थांबलं: ही रेघ कसली, ड्रॉइंगमध्ये नव्हती?
मी म्हटलं, आहे तीत धर.

आठवड्याने टिसेकर एक पापलेट घेऊन आले,
वर्तमानपत्रात नाही, नव्या छापील पिशवीत.
बसले नाहीत. जिन्यातूनच सांगितलं,
अजमानच्या सिग्नलला एकाने काच खाली केली,
हॉर्न मारून मारून थांबवलं, म्हणाला,
भाईसाब, अभी ताजा है क्या?
रंग बह रहा है आपका.