मोजून सहा

आज रविवार. ताटात सहा तिसऱ्या.
सातवी एलादिओने पातेल्यातच ठेवली,
माझ्याकडे न बघता.

आहारवाली पोरगी लुगोची, डोंगराकडची.
तिनं कागदावर लिहून दिलंय:
शिंपल्या चालतील, आठवड्यातून एकदा,
रस्सा नाही, वरून मीठ नाही,
बटाटे दोनदा पाणी बदलून उकडायचे,
आणि दिवसाचं पाणी, गोळीबरोबरचा घोटसुद्धा धरून,
तीन पेले.
मी विचारलं, तिसरी कधी उकरलीयेस का गं?
म्हणाली, आजी, मी फक्त आकडे उकरते.

एक्केचाळीस वर्षं मी या खाडीत वाकले.
उधाणाच्या ओहोटीला आरोउसा लांब मागे सरायची
आणि आम्ही बायका, रबरी बूट, कमरेला टोपली,
वाळूतली दोन बारीक भोकं शोधत.
प्रत्येकीवर लोखंडी पट्टी धरायची:
चार सेंटिमीटरला कमी, तर परत पाण्यात.
दिवसाला तीन किलो, त्यावर एक नग नाही.
निघालाच तर पहारेकरी फाउस्तिनो
अख्खी टोपली उलटी करायचा.
काय काय शिव्या घातल्या मी त्याला!
आता तो माझ्या रक्तात येऊन बसलाय,
पट्टी घेऊन.

मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार चार तास
शहरातल्या त्या खुर्चीत.
शेजारी ओब्दुलिया, तीही आमच्याच वाळूतली.
म्हणते, आपल्याला शुद्धीकरणाच्या टाकीत ठेवलंय गं,
बाजारात न्यायच्या आधी तिसऱ्यांना ठेवतात तसं.
मी म्हटलं, फरक एवढाच,
आपल्याला गिऱ्हाईक नाही.
नर्स धावत आली. तिला वाटलं यंत्र वाजतंय.
हसत होतो आम्ही.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मी तर त्या मिठात उभं आयुष्य उभी होते,
मांड्यांपर्यंत.
बोटांच्या भेगांत मीठ,
घरावरची कौलं मीठ,
ब्रेइशोच्या शाळेची फी, तीही मीठच.
आणि तेच आता घोट्यात सुजून बसतं,
सकाळी काट्यावर चढलं की चुगली करतं:
दोन किलो दोनशे जास्त.

आई सांगायची, खाडी नितळ आहे ती यांच्यामुळे.
मूठभर जीव, बिनहाडाचा,
गाळात तोंड खुपसून
रात्रंदिवस पाणी आत घेतो, गाळतो, सोडतो.
कोण बघतंय?
माझ्याही आत अशा दोन होत्या.
कधी उकरून पाहिल्या नाहीत.

एलादिओ स्वयंपाकघरात पाठ करून उभा.
पाव पातेल्याला घासल्याचा आवाज येतो.
रस्सा तो तिथेच, उभ्याउभ्या संपवतो,
मला दिसू नये म्हणून.
बेचाळीस वर्षांच्या संसारात
इतकं वाईट लपवलेलं मी काही पाहिलं नाही.

लसूण. लिंबू. थोडी कोथिंबिरीसारखी ती पानं.
पहिली चावत नाही मी, जिभेवर धरते.
दुसरीला घाई होते.
तिसरी, चौथी, पाचवी कधी गेल्या
कळत नाही.

सहावी उचलते आणि थांबते.
पट्टी नको, नजर पुरे:
चाळीसला दोन मिलिमीटर कमी.
कायद्यानं ही धरायचीच नव्हती.

एलादिओ, म्हटलं,
ही धरत नाहीत. परत टाकतात.
सातवी आण.

तो कागदाकडे बघतो.
मग पातेल्याकडे.