भाऊबीज, डाव्या बाजूने

उजव्या दाढेवर टोपी बसवून
डॉक्टर मगदूम हात धुता धुता म्हणाले,
"दिवाळी तोंडावर आलीय, बाळगोंडा.
करंजी खा, अनारसा खा,
पण चकली उजवीकडं न्यायची नाही.
पाकातलं काही खाल्लं की चूळ.
आणि रात्री ब्रश. रात्री म्हणजे रात्री."
सात हजार मोजले.
एवढ्यात अख्ख्या गल्लीचा फराळ झाला असता
असं बायको बोलली नाही,
नुसती पावतीकडं बघत राहिली.

भाऊबीजेला भिलवडीत उतरलो
तर कारखान्याकडं निघालेली पहिली ट्रॉली,
आणि मागं पोरं, ऊस ओढायला.
आम्हीही पळायचो.
पद्माक्का पुढं, मी तिच्या परकराला धरून.
कांडं दातात धरून ती मान झटकायची,
सालीची पट्टी एका दमात खाली.
गाभा माझ्या हातात देऊन म्हणायची,
"तू चोख नुसता. तुझे पडायला आलेत."

दाताला डॉक्टर असतो
हे तेव्हा घरात कुणाला माहीत होतं?
दवाखाना सापाला, नाहीतर बाळंतपणाला.
आईनं तव्यावर मिश्री भाजली, बोटानं लावली,
आणि एकेक दात
उंबऱ्याबाहेर टाकून दिला,
तक्रार न करता.

आक्कानं ओवाळलं. ताट पुढं आलं.
भाजणीची चकली, काटा असा की बोटाला लागावा.
मी ती हळूच डावीकडं सरकवली.
"आवडली नाही?"
"आवडली की."
"मग तोंड का वाकडं?"
सांगितलं. टोपीचं, सात हजारांचं, सगळं.
ती हसली, पण पदर तोंडाला लावून.
आक्का कधी पदर लावून हसत नाही.

मग दिसलं,
तिच्या बशीत शंकरपाळी चहात बुडून
मऊ पडायची वाट बघत होती.
"डावीकडच्या तीन गेल्या श्रावणात.
सुनेला म्हटलं, उपवास आहे."
"आणि चकल्या?"
"करते की. घाण्यातली एक काढायची,
कानापाशी मोडायची.
आवाज बरोबर आला की चव बरोबर."

मी एक चकली मधोमध मोडली.
अर्धी माझ्या डाव्या बाजूला,
अर्धी तिच्या उजव्या.
दोघांची मिळून एक बत्तिशी झाली,
आणि बराच वेळ घरात
फक्त तेवढाच आवाज होता.

मागच्या मोरीवर चुळा भरल्या.
साठीतली आक्का म्हणाली, "बघू कुणाची लांब जाते,"
आणि माझी तिच्याच लुगड्यावर पडली.
ओवाळणीच्या पाकिटात नोटांखाली
मगदुमांचं कार्ड ठेवलं होतं.
तिनं चष्मा लावून वाचलं, दुमडलं,
"सोमवारी बाजार असतोय," म्हणाली.
"मंगळवारी ये."
"बघू."
बघू म्हणजे येणार, हे मला
साठ वर्षांत कळलंय.

एस.टी.त खिडकीशी बसून डबा उघडला.
चकल्या होत्या,
पण एकही सबंध नव्हती.
सगळ्या मोडलेल्या, एका घासाच्या,
डावीकडं मावतील एवढ्या.