लिव्हायचं काम नाही

एकशे अठरा पानांचा निकाल,
सगळा भार एका वाक्यावर.
अपिलाची मुदत संपायला नऊ दिवस.

अदालत रोडवरच्या माझ्या खोलीत
लातूरहून रात्रीच्या गाडीनं आलेला माणूस,
भुवयांत अजून तुरीचा भुसा.
संगमेश्वर टोम्पे. शिक्षण आठवी.
पेटंट एक: तुरीचं टरफल काढणारा रूळ.
शंभरात चार दाणे फुटतात, फक्त चार,
हे तो मला तिसऱ्यांदा सांगतोय.

रुळाबद्दल कोर्टाची तक्रारच नाही.
पण मकबूल मिस्त्रीनं उदगीरला बसवलेला,
पुढं भंगारात गेलेला रूळ
अर्जदाराला माहीत होता
आणि अर्जात त्यानं तो दडवला.
हात स्वच्छ नाहीत.
सबब पेटंट कपाटात राहील,
कुणावर उगारता येणार नाही.

पुरावा, एजंटाला पाठवलेली चिठ्ठी,
गिरणीच्या पावतीच्या पाठीवर:
“मिस्त्रीच्या मशीनचं लिव्हायचं काम नाही.”

अनुवादकानं इंग्रजीत नेलं, लिहिता कामा नये.
मी औशाची.
आमच्याकडं या वाक्याला दोन दारं.
“तुला यायचं काम नाही, मी आणते की दळण,”
ही माया.
“तुला बोलायचं काम नाही,”
ही थप्पड.
दोन्ही एकाच तोंडून ऐकत मोठी झाले.

गरज नाही आणि मनाई,
यांच्यामधल्या फटीत
आमचं अपील अंग चोरून उभं आहे.
हेतू सिद्ध झालेला नाही, मी टाइप करते.
विसर म्हणजे लबाडी नव्हे.
खोडते. तो विसरला होता
असं त्यानं अजून म्हटलेलं नाही.

निशाणी एकेचाळीस, फोटो.
हार घातलेलं मशीन, फुटलेला नारळ,
मिस्त्री कडेला, टोपी हातात,
आणि त्याच्यामागं बॅटरी धरलेला पोरगा,
कोपरापर्यंत ग्रीस.

“त्यो म्याच. रातभर बॅटरी धरली.
सेल संपले तवा मिस्त्रीनंच पैसे दिले.
त्याचा रूळ वीस दाणे फोडायचा, मॅडम.
मधले सोळा माझे हायत.”

सोळा. आकडा चांगला आहे,
मी समासात लिहून ठेवते.
मग विचारते, वकिलानं विचारू नये ते:
चिठ्ठी लिहिताना मनात काय होतं?
गरज नाही, की नको?

तो नखांतली काळी रेघ
दुसऱ्या नखानं कोरत बसतो.
झेरॉक्सवाला दारातून डोकावतो, किती प्रती?
थांब म्हणते.

“मातीला गेलतो म्या मिस्त्रीच्या.
पोरगं त्याचं माझ्याच गिरणीत हमाल हाय.
नाव घातलं असतं, तर त्यानं...”
पुढं बोलत नाही. पाणी पितो.
पेला जपून ठेवतो, आवाज न करता.

“ह्ये तुमच्या कागदात
लिव्हायचं काम नाही.”

मी वर बघते.
कुठल्या दारातून बोलला, कळत नाही.